नऊ चाळीसची तपासणी

नऊ चाळीस! अहो, सकाळचे नऊ चाळीस! ही काय कोणाच्या घरात तपासणीला यायची वेळ झाली? ठेवा, त्या बादल्या खाली ठेवा, दोरी काही गच्चीवरून पळून जात नाही, आधी माझं ऐका. नऊला ये, दहाला ये, अगदी सव्वानऊला आलीस तरी चाललं असतं बाई, तेव्हा मी निदान कोरडी होते! पण नाही. चोवीस तासांच्या दिवसात आमच्या घरात कोणी पाय ठेवू नये अशी एकच वेळ आहे, आणि ती तपासणीवाली बाई बरोब्बर तीच धरून आली. जणू कोणी सांगून पाठवलं होतं. आणि एवढं सगळं निभावून शेवटी बोल कोणाच्या वाट्याला? माझ्या! आता यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा!

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नवीन आल्यात म्हणून पहिल्यापासून सांगते. आमच्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, डॉक्टर म्हणाले, ‘यांच्याजवळ सकाळचं एक जाणतं माणूस पाहिजे. उठवायचं, बसवायचं, चालवायचं, आंघोळ घालायची. घरच्यांनी एकट्याने करायचं नाही.’ एकट्याने नाही तर काय दुकट्याने करणार? आमचे हे सकाळी सातला जातात ते दिवेलागणीला उगवतात, आणि माझ्या काखेत चोवीस तास टिटवी. टिटवी म्हणजे माझी मुलगी हो, काकू. बापानेच पाडलंय नाव. रडायला लागली की पलीकडच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावतात... हसताय काय? तुम्हीच लावता, मी बघितलंय.

तर ह्यांनी घरी माणूस पाठवणारं एक सेवा केंद्र शोधलं. तिथून रोज सकाळी एक ताई येते. उंच, सडसडीत, आणि एवढी शांत की घरात आहे हे कळायला हाक मारावी लागते. पहिल्या दिवशी केंद्राचा माणूस तिला सोडायला आला आणि दारातच मला बजावून गेला. नाकात बोलतो तो. ‘हे बघा म्यॅडम, आमच्या ताई पेशंटसाठी. स्वयंपाक नाही, भांडी नाही, आणि लहान मूल तर अजिबातच नाही. मूल हातात असलं आणि आजी तोल जाऊन पडल्या तर धरायचं कोणी? मूल हातात दिसलं की त्याच दिवशी ताई बंद!’ मी म्हटलं, बरोबर आहे. आणि खरंच बरोबर आहे हो! नियमाशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते आमच्या आईंशी आणि टिटवीशी, कारण नियम मोडला तो त्या दोघींनी.

कसा म्हणजे? दुसऱ्याच दिवशी सकाळी ताई म्हणाली, ‘चला आजी, आंघोळ करू.’

आई म्हणाल्या, ‘कोणाची?’

‘तुमची.’

‘घालणार कोण?’

‘मी.’

‘तू माझी कोण?’

आणि पुढे आईच म्हणाल्या, ‘परक्या बाईसमोर मी नाही उघडी बसणार. मेले तरी नाही. अगं ए! कुठे आहेस?’ हे ‘अगं ए’ म्हणजे मी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ‘अगं ए’च आहे. माझं नाव त्यांना माहीत असेल असा माझा अंदाज आहे, पण पुरावा नाही. तर मी धावले, टिटवीला गादीवर ठेवलं, आईंना खुर्चीवर बसवून पाणी घालायला घेतलं, तोच आत टिटवीने सूर लावला... असा लावला, असा लावला, की मी तांब्या तसाच बादलीत टाकला. मला वाटलं, पडली, चावलं काहीतरी, श्वास कोंडला! माझ्या मनात कशा एका वेळी वीस आपत्ती उभ्या राहतात ते तुम्हाला माहीतच आहे. आणि एकदम... शांत. शांत झाल्यावर तर माझं काळीजच बंद पडलं. धावत बघते तर ताईने तिला खांद्यावर पालथी टाकलीये, पाठीवर हलकी हलकी थाप देतेय, आणि माझी ती कारटी, जिने जन्मल्यापासून मला सुखाचा घास खाऊ दिला नाही, ती ताईच्या वेणीचं टोक तोंडात घालून हसतेय!

झालं. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला विचारलं नाही, आपोआप तसा पायंडा पडून गेला. ताई नऊला येते, आईंना उठवते, व्यायाम घेते, पायाला तेल लावते, वॉकर धरून चालवते, सगळं तिचं तीच करते. फक्त नऊ पस्तीस ते दहा, आंघोळीपुरती अदलाबदल. मी आईंना घेते, ती टिटवीला घेते. दहाला परत ज्याचं त्याच्याकडे. बस! दिवसातली पंचवीस मिनिटं! आणि ती बाई आली ती त्याच पंचवीस मिनिटांत! यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा!

बरं, अजून एक. हा निळा अ‍ॅप्रन बघितलात दोरीवरचा? हा केंद्राचा आहे, ताईचा. ती काढून खुंटीला लावते, आणि आंघोळ घालताना माझे कपडे भिजू नयेत म्हणून मी घालते. खिशावर हे ओळखपत्र शिवलेलं. फोटो बघा. दिसतंय काही? मी दोनदा अ‍ॅप्रन धुतला, अगदी घासून धुतला, रोगजंतू नकोत म्हणून, तर त्यात फोटोतलं तोंडच धुऊन निघालं. आता केसांची एक सावली उरलीये फक्त. कोणीही असू शकतं ते. तुम्ही असाल, मी असेन.

आणि त्या दिवशी सकाळी टिटवीने ताईच्या अंगावर दूध ओकलं. खांद्यापासून खालपर्यंत. मी म्हटलं, ‘अगं, असं ओलं अंगावर ठेवून बसू नकोस, सर्दी होईल, तुला झाली की आईंना होईल, आईंना झाली की...’ ताई म्हणाली, ‘वहिनी, द्या काहीतरी घालायला.’ मी कपाट उघडलं तर वरच काय होतं? माझा पिवळा ड्रेस. तोच, नणंदेच्या लग्नातला, बारीक मोत्यांचा. दिला.

आता डोळ्यांसमोर आणा. नऊ चाळीस. बेल वाजली. दार उघडायला कोण गेलं? मोत्यांच्या पिवळ्या ड्रेसमधली ताई, कडेवर घरचं मूल. आणि बाथरूममध्ये कोण? केस बांधलेली, बाह्या वर केलेली, केंद्राच्या निळ्या अ‍ॅप्रनमधली, साबणाने बरबटलेली... मी.

मला आतून ऐकू येतंय. एक बाई अगदी गोड आवाजात म्हणतेय, ‘नमस्कार, मी सेवा केंद्रातून आलेय. आमची सेवा कशी चाललीये, सगळं सुरक्षित आहे ना, ते बघायला न सांगता येतो आम्ही. तुम्ही घरच्याच ना?’

आणि ताई? एवढी खाली बघून बोलणारी ताई! आधीच्या घरी तिची एक मैत्रीण मटार सोलताना सापडली आणि दुसऱ्या दिवशी घरी बसली, हे तिने मला किती वेळा सांगितलंय! हिच्या तर हातात मटार नाही, अख्खं पोर होतं. पोराला कडेवर जरा वर सरकवलं आणि म्हणाली, ‘हो. घरचीच.’

माझ्या हातातून साबण सटकला.

खोटं बोलली म्हणता? तशी रोज आमच्या घरीच असते ना ती!

मी बाहेर येऊन खरं सांगणार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं. पण डोक्यात एकच... आता खरं सांगितलं की ताई बंद. आजच्या आज बंद. मग उद्या आईंना वॉकर धरून कोण चालवणार? मी? त्यांचा पाय कुठे किती टाकू द्यायचा ते मला कळत नाही, परत पडल्या तर परत ऑपरेशन, आणि डॉक्टर म्हणाले होते, परत पडू देऊ नका. आणि ताईच्या घरी तिच्या कमाईवर तिघं बसलेत. मी तोंड मिटलं. तेवढ्यात ती बाथरूमच्या दाराशी आलीच. चष्मा, नीट विंचरलेले केस, हातात कागद लावलेली एक पाटी आणि पेन. ताईला तिने आधी कधी बघितलेलं नव्हतं, आणि ओळखपत्रावरचं तोंड तर मीच धुऊन टाकलेलं. चपला कुठे होत्या माहितेय? बाहेर, जोडून, भिंतीला समांतर. अशा माणसांची मला फार धास्ती वाटते. ती दाराबाहेरच पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आजींची आंघोळ चाललीये का? चालू द्या ताई. मी आत बघत नाही, इथूनच विचारते.’

ताई! मला!

सातवीनंतर परीक्षा म्हणून मी कधी दिली नव्हती हो. आणि आता देतेय ती कशी? ओल्या पायांनी, दुसरीच्या नावाने, आणि पेपर माझ्याच बाथरूमचा!

‘पाणी किती गरम घेता?’

माझ्या तोंडून निघालं, ‘कोपराला सोसेल एवढं. पोरीला... म्हणजे लहान मुलांना घेतात तसं.’

‘छान. आणि जमीन?’

‘रबराची जाळी टाकलीये. खाली परत पोतं टाकलंय. पोत्याच्या कडा शिवून टाकल्यात, पाय अडकू नये म्हणून.’

‘आजींच्या अंगावर काही आहे का?’

‘टॉवेल आहे मांडीवर, एक खांद्यावर. आईंना उघडं बसवत नाही.’

‘पेशंटला आई म्हणता तुम्ही?’ आवाज असा मऊ झाला तिचा! ‘बाकीच्या आजी म्हणतात. फार छान.’ आणि पेन चाललं, खरर्र खरर्र.

आई सगळा वेळ डोळे घट्ट मिटून बसलेल्या, डोक्यावर साबणाचा हा एवढा डोंगर. फक्त मान वाकडी करून म्हणाल्या, ‘अगं ए, कोण आहे गं? दार लाव, वारा येतोय.’ आता या ‘माझी सून’ म्हणणार, आता म्हणणार... पण ‘अगं ए’ हो! ‘अगं ए’ काय, कोणालाही म्हणता येतं! त्या शब्दाचा एवढे दिवस मला जो राग होता ना, तो त्या क्षणी मी परत घेतला.

आंघोळ झाली, आईंना पलंगावर बसवलं, आणि बाईने घर तपासायला घेतलं. आता मी कशी आहे ते तुम्ही जाणता. टिटवी रांगायला लागली तेव्हापासून मी रात्री पडल्या पडल्या विचार करते, हिचं डोकं कशावर आपटेल? मग सकाळी उठून त्या वस्तूला काहीतरी बांधते. आमच्या घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला ह्यांचे जुने मोजे घातलेत. ह्यांना घालायला मोजे नाहीत, पण टेबल झाकलेलं आहे. सगळे प्लग चिकटपट्टीने बंद. खुर्च्यांना दोऱ्या. दारांच्या फटीत कापडाच्या सुरळ्या, बोट चेमटू नये म्हणून. हे सगळं बघून आमचे हे म्हणतात, ‘घर आहे का पार्सल?’

आणि ती बाई प्रत्येक गोष्टीसमोर थांबत होती.

‘हे मोजे कोणाची कल्पना?’

‘माझी,’ मी म्हटलं.

‘आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत ही दोरी?’

‘माझी. हाताला धरायला. आईंना रात्री जायचं झालं तर.’

‘आणि ही घंटा?’

‘माझीच. सायकलची आहे. मी दुसऱ्या खोलीत असले तर हाक ऐकू आली नाही तर... म्हणजे असं मनात आलं...’

‘ताई,’ ती म्हणाली, ‘एवढी काळजी घेणारं माणूस मी या कामात बघितलं नाही.’

आता सांगा! माझ्या या काळजीला आजवर कोणी काय काय नाही म्हटलं? ह्यांनी भूत म्हटलं, नणंदेने खूळ म्हटलं, चौथ्या मजल्यावरच्या एकीने... नाव घेत नाही, समोरच उभी आहे... तिने तर वेड म्हटलं. आणि पहिल्यांदा कोणीतरी त्याला ‘चांगलं’ म्हटलं, तर ते लिहिलं गेलं कोणाच्या नावावर? ताईच्या! यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा!

एक चूक सापडली म्हणा, तीही सांगते. औषधं. टिटवीच्या हाती लागू नयेत म्हणून मी ती कपाटाच्या माथ्यावर, पत्र्याच्या डब्यात, डब्याला कुलूप, आणि किल्ली माझ्या गळ्यात, अशी ठेवली होती. काढायला स्टुलावर चढावं लागतं आणि स्टूल डुगडुगतं. बाईने माझ्याकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, म्हणाली, ‘तुम्ही पडलात तर आजींना कोण बघणार?’ खरं सांगते, घरातल्या सगळ्यांच्या पडण्याचा विचार मी केला होता, माझं एकटीचं पडणं राहून गेलं होतं. मग तिने वळून कोणाला झापलं? ताईला! ‘मॅडम, ही व्यवस्था घरच्यांनी करायची असते. हाताच्या उंचीवर कुलपाची पेटी बसवून घ्या.’

आणि ताई टिटवीला या कडेवरून त्या कडेवर घेत काय म्हणाली असेल? ‘हो हो, आज संध्याकाळीच ह्यांना सांगते.’

ह्यांना! कोणाच्या ह्यांना गं? माझ्या ह्यांना!

मी ताईकडे असं बघितलं. तिचे कान लाल झाले. पण मागे फिरायची सोय नव्हती, बोलून गेली होती.

मग बाई म्हणाली, ‘आता मला आजींशी एकटीने बोलायचंय. कोणी आत येऊ नका.’ आणि दार लोटलं. लोटलं, लावलं नाही. त्या फटीत मी सुरळी घातलेली होती ना, त्यामुळे लागलंच नाही. मी फटीच्या या कडेला कान लावला, ताईने त्या कडेला, मध्ये टिटवी आमच्या दोघींचे केस ओढतेय. आणि आईंना तर कोणी काही शिकवलेलं नाही! त्या आता एकच वाक्य बोलणार, ‘कोणती बाई? ती तर माझी सून!’ आणि संपलं.

‘आजी, आत्ता तुम्हाला आंघोळ घातली ती ताई कशी वाटते?’

आईंनी घसा खाकरला.

‘कोण, ती ओल्या अ‍ॅप्रनवाली?’

‘हो, तीच.’

‘घाबरट आहे. मी शिंकले की डॉक्टरला फोन लावायला धावते. झोपले की नाकाशी बोट धरून बघते श्वास चालू आहे का, आणि त्यानेच मला जाग येते. जाग आली की विचारते, झोपलात का? बोलते किती! वाटीभर वरण वाढताना वाडगाभर बोलते.’

मी म्हटलं, झालं, मेले. त्या रागाने सांगणार.

‘मग दुसरी देऊ का बदलून?’

‘दुसरी?’ आईंचा आवाज असा चढला की ताईने टिटवीचे कान झाकले. ‘दुसरी कशाला? पाणी घालते तेव्हा एक थेंब माझ्या कानात जाऊ देत नाही. दुखऱ्या पायाला हात लावायच्या आधी तिचाच चेहरा दुखतो. माझ्या आईनंतर असं मला कोणी न्हाऊ घातलं नाही. हिला हलवलंत तर याद राखा, मी जेवण सोडीन.’

आता मला सांगा, माणसाने इतकी वर्षं त्या घरात काढावी, भाजीला ‘बरी झालीये’च्या पलीकडे शब्द ऐकू नये, आणि हे एवढं सगळं कधी ऐकावं? तर आपण आपण नसताना! दाराआडून! दुसरीच्या अ‍ॅप्रनमध्ये! मी रडले हो. ताईसुद्धा रडली. रडायला तिला काही कारण नव्हतं, पण रडली.

‘आणि घरची सून?’ बाईने विचारलं. ‘ती बघते का तुमच्याकडे?’

‘कोण, ती पिवळ्या ड्रेसवाली?’ आई म्हणाल्या. आणि आवाजात... मी त्यांचा आवाज ओळखते, त्यात हसू होतं! ‘ती काय, सकाळपासून पोर घेऊन बसलेली असते. पण असू दे. पोर तिच्याजवळ गप्प राहतं, तेवढीच घराला शांतता.’

म्हणजे त्यांना माहीत होतं! सगळं!

पण इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला भर उन्हात उभं केलं नसतं. बाई बाहेर आली, आता निघणार, आणि टिटवीची भूक जागी झाली. तिला अ‍ॅप्रन कळतो का? मोती कळतात का? तिला आई कळते. ताईच्या कडेवरून तिने माझ्याकडे सूर मारला आणि जे काही भोकाड पसरलं! माझे हात आपोआप पुढे गेले, तोच बाई मध्ये आली.

‘नाही हं ताई. तुम्ही नाही घ्यायचं. मुलाचा ओढा आहे तुमच्याकडे, मला दिसतंय, पण नियम म्हणजे नियम. तुमचं काम फक्त आजींचं. मॅडम, तुमचं मूल तुम्ही सांभाळा.’

माझं मूल! माझ्यासमोर! पोटातून ओरडतंय, आणि मी हात मागे बांधून उभी! ज्यांना लेकरं आहेत त्यांना सांगायला नको, दूध कानाने ऐकतं हो. अ‍ॅप्रन आधीच भिजलेला होता म्हणून निभावलं. ताई थोपटतेय, झुलवतेय, खुळखुळा वाजवतेय, टिटवी निळी पडतेय, आणि बाई दाराशी उभी राहून पेनाचं टोपण शोधतेय. शोधतेय! मला वाटलं आता बोलून टाकावं, गेली नोकरी तर गेली, गेला वॉकर तर गेला, मी तोंड उघडलं...

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग ट्रिंग!

सायकलची घंटा. आत आई.

‘अगं ए! मला कपडे बदलायचेत. आणि ते पोर माझ्या मांडीवर आणून टाका, माझी नात आहे, माझ्यासाठी कुठे नियम आहे? बाकीच्यांनी बाहेर थांबा. दार लावा. नीट लावा!’

ताईने टिटवी आईंच्या मांडीवर दिली, बाहेर आली. मी कपडे बदलायला म्हणून आत गेले, सुरळी ओढून काढली, दार लावलं, आणि पलंगाच्या कडेला बसून पोरीला घेतलं. अशी गप्प झाली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी आईंना हळूच म्हटलं, ‘आई, तुम्हाला कसं कळलं?’

त्या म्हणाल्या, ‘साबण डोळ्यांत गेला होता, कानांत नव्हता.’ आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो उचलला नाही. मग म्हणाल्या, ‘पाज लवकर, ती जाईपर्यंत मला किती वेळ कपडे बदलायचेत?’

तिकडे बाहेर बाई ताईला समजावत होती, तेही ऐकलं. ‘मॅडम, रागावू नका, पण आमच्या ताई एवढं जीव तोडून करतात, तर घरच्या सुनेने थोडा हातभार लावावा. आल्यापासून बघतेय, तुम्ही बसूनच आहात.’ म्हणजे कौतुक माझ्या कामाचं, पण ताईच्या नावाने. आणि रागावणं ताईच्या बसण्याबद्दल, पण माझ्या नावाने! दोन्हीकडून मीच, आणि दोन्हीकडून मी नाही! यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा!

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. आधी हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, ‘म्हणजे कागदोपत्री माझी बायको कोण?’ मी जेवायला वाढलंच नाही. पण औषधाची पेटी मात्र बसवली हं त्यांनी, हाताच्या उंचीवर, किल्लीसकट. ताईने सांगितलं होतं ना... ऐकतात तिचं.

आणि असं समजू नका की आम्ही सुधारायला बघितलं नाही. दुसऱ्याच दिवशी आई स्वतःहून म्हणाल्या, ‘त्या पोरीची नोकरी जाईल माझ्या लाजेपायी. आजपासून ती घालू दे मला आंघोळ.’ घातली. ताईने अगदी शिकवल्याबरहुकूम घातली. दुसऱ्या तांब्याला आई ओरडल्या, ‘कानात गेलं! अगं ए!’ इकडे माझ्या कडेवर टिटवी ताईच्या वेणीसाठी आकांत करतेय. दोघींनी मिळून घर डोक्यावर घेतलं. मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे बघितलं, तिने अ‍ॅप्रन काढला, मी पोर पुढे केलं. काही बोलावं लागलं नाही. आता रोज तेच. आणि खरं सांगू? बरं चाललंय आमचं. आई चार पावलं जास्त चालतात, टिटवीचं वजन वाढलंय, आणि मी काल चक्क गरम चहा प्यायले.

तर मग तुम्हाला इथे अडवलं कशाला? केंद्रातून काल फोन आला. आमच्या घरची सेवा त्यांच्याकडे सगळ्यात चांगली ठरलीये. म्हणून ती बाई गुरुवारी परत येतेय, आणि या वेळी एकटी नाही. नवीन भरती झालेल्या बायकांना घेऊन येतेय, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ कशी घालावी ते ‘आमच्या ताईंकडून’ शिकायला! दाराबाहेर उभ्या राहून ऐकणार म्हणे, मी बोलत बोलत घालायची. वेळ? विचारूच नका. नऊ चाळीस! आमचे हे म्हणतात, मी त्या दिवशी सुट्टी काढतो, मजा बघायला. मी म्हटलं, खबरदार! तुम्हाला उभं कोणाशेजारी करायचं?

तेव्हा माझी काय चूक ते मला नंतर सांगा, आधी खाली जाऊन एवढं सगळ्यांना सांगा. वॉचमनला सांगा, इस्त्रीवाल्याला सांगा, जिन्यात खेळणाऱ्या पोरांना तर आवर्जून सांगा, तीच आधी बोलतात. गुरुवारी कोणी विचारलं, त्या घरची सून कोणती, तर म्हणायचं, ती उंच, पिवळ्या ड्रेसमधली, कडेवर पोर असतं ती. जरा बसून असते, पण स्वभावाने चांगली आहे. आणि मी दिसले तर मला हाक मारू नका. विचारलंच कोणी, तर सांगा, ती होय? ती कामाला येते. बोलते फार, पण बाई लाखात एक आहे.